कन्व्हर्टविथमॉस: कॉम्प्युटरमधली लायब्ररी मोडेक्सवर नेताना काय पोचतं आणि काय हाताने करावं लागतं

सॅम्पल लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा (सॅम्पलचा) संच, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारी बरीच सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतलं सगळ्यात आधी वापरून बघावं ते कन्व्हर्टविथमॉस. युर्गेन मॉसग्राबर यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कॉन्टॅक्ट या सॅम्पलर सॉफ्टवेअरचं एनकेआय, एसएफझेड, साउंडफॉन्टचं एसएफ२, लॉजिकचं ईएक्सएस, डिसेंट सॅम्पलर, अकाई एमपीसीचे कीग्रुप एवढं ते वाचतं. हार्डवेअरच्या बाजूला कोर्गच्या केएमपी-केएसएफ आणि यामाहाच्या मॉन्टाज आणि मोडेक्स या कीबोर्डच्या फाइल लिहितं. पण बटण दाबलं आणि कॉन्टॅक्टमधला आवाज जसाच्या तसा कीबोर्डवर आला, असं मात्र होत नाही. कोणतं सॅम्पल कोणत्या पट्टीवर, किती जोरात दाबल्यावर वाजायचं, लूप (पट्टी धरून ठेवली की पुन्हा पुन्हा वाजणारा भाग) कुठून कुठे, हा सगळा नकाशा ते चोख नेतं. ते वाद्य कसं वागतं हे तुम्हाला कीबोर्डवर नव्याने बसवावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कीबोर्ड वाजवणाऱ्याला हे काम टाळता येत नाही. एकाच कार्यक्रमात अभंग, लावणी, कन्नड भावगीत, हिंदी सिनेमातलं गाणं आणि शेवटी यल्लम्माची गाणी असा क्रम इथे नेहमीचाच. कंपनीने भरून दिलेल्या आवाजांत सतार असते, तबला असतो. चौंडकं नसतं, हलगी नसते, संबळ नसतो. आणि पेटी असली तरी ती पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात ऐकवण्यासारखी नसते. इथल्या श्रोत्याला पेटी कशी बोलते ते माहीत आहे. लॅपटॉप स्टेजवर नेऊन कॉन्टॅक्टच थेट वाजवणं हा एक मार्ग आहे. पण गणपतीच्या दिवसांतला पाऊस, जनरेटरवरची वर-खाली होणारी वीज आणि एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू करणारा निवेदक हे सगळं धरलं, तर सात-आठ तास बिनबोभाट चालणारा वर्कस्टेशन, म्हणजे मोडेक्ससारखा स्वयंपूर्ण कीबोर्डच, बरा पडतो.

आधी लायब्ररी कोणत्या जातीची आहे ते तपासा. फोल्डर उघडल्यावर सॅम्पलच्या जागी डब्ल्यूएव्ही किंवा एनसीडब्ल्यू फाइल दिसल्या तर काम होण्यासारखं आहे. एनसीडब्ल्यू हे नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं दर्जा न घटवता आकार कमी करणारं फॉरमॅट आहे आणि कन्व्हर्टविथमॉस ते वाचतं. मोठ्या एनकेएक्स फाइल दिसल्या तर सॅम्पल कुलूपबंद आहेत, तिथे कोणतंही प्रामाणिक कन्व्हर्टर हात टेकतं. अशा लायब्ररीसाठी ऑटोसॅम्पलिंग हा वेगळा रस्ता आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. कुलूप तोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. कराराचा भंग होतोच, आणि त्या फाइलींबरोबर व्हायरसही घरात येतो.

आता जागेचा हिशेब. मोडेक्समध्ये स्वतःच्या सॅम्पलसाठी १ जीबी फ्लॅश मेमरी आहे, मोडेक्स प्लसमध्ये १.७५ जीबी. वीज बंद केली तरी त्यातलं काही जात नाही. कॉन्टॅक्टची चांगली लायब्ररी वीस-तीस जीबीची असते, कारण ती एसएसडीवरून वाजता वाजता वाचली जाते. म्हणजे छाटणी ठरलेलीच, आणि ती कन्व्हर्ट करण्याआधी करावी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ आवाजाला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. मोनो केलं की निम्मे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ ठेवलंत तर सेकंदाला २,८८,००० बाइट जातात आणि स्टेजच्या स्पीकरवर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

पियानोचं गणित करून बघू. ८८ पट्ट्या, दर तिसऱ्या पट्टीचं एक सॅम्पल म्हणजे ३० सॅम्पल. जोराचे चार थर, म्हणजे हलक्यापासून जोरकस दाबापर्यंत चार वेगळे सॅम्पल, प्रत्येक सॅम्पल १५ सेकंदांचं, स्टीरिओ. एकूण १,८०० सेकंद, म्हणजे सुमारे ३१७ एमबी. मेमरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पियानोत गेला. कंपनीचा पियानो मोडेक्समध्ये आधीच चांगला आहे, तेव्हा पियानोवर जागा खर्च करू नका. जे कीबोर्डमध्ये मुळातच नाही त्यावर करा.

पेटी हे त्यासाठी सगळ्यात योग्य वाद्य. पट्टी जोरात दाबली म्हणून पेटीचा आवाज वाढत नाही, तो भात्याच्या दाबावर असतो. त्यामुळे जोराचे थर लागत नाहीत, एकच थर पुरतो. तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या, प्रत्येकी ८ सेकंद, मोनो धरलं तर सगळी पेटी २६ एमबीत बसते. एवढ्या कमी जागेत बसत असताना दर तिसऱ्या पट्टीचं सॅम्पल घेऊन मधल्या पट्ट्या ताणून काढण्याची काटकसर करू नये. त्याला कारण आहे. खर्ज-नर अशा दुहेरी सुरांच्या पेटीत दोन पात्यांचे सूर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून आवाज मंदपणे हेलकावे घेतो. सॅम्पल एक स्वर वर ताणलं की हा हेलकावा सुमारे सहा टक्के जलद होतो, दोन स्वर ताणलं की बारा टक्के. शेजारच्या तीन पट्ट्या दाबल्या की तिघींचे हेलकावे एकाच साच्यातून काढलेले वाटतात आणि पेटीचा जीव जातो. शिवाय भात्याचा फुसकारा आणि लाकडाचा घुमारही त्याबरोबर ताणला जातो. प्रत्येक पट्टीचं स्वतंत्र सॅम्पल ठेवा.

लूपची गोष्टही याच हेलकाव्याशी बांधलेली आहे. समजा काळी दोनच्या सुराचा हेलकावा दीड सेकंदाला एक पूर्ण होतो. तर लूपची लांबी दीड, तीन किंवा साडेचार सेकंद हवी, दोन सेकंद नको. दोन सेकंदांचा लूप टाकला की दर दोन सेकंदांनी हेलकावा मध्येच तुटतो. खटका ऐकू येणार नाही कदाचित, पण धरलेला सा ‘धक धक’ चालल्यासारखा वाटेल, आणि विलंबित अभंगात ते लपत नाही. पॉलीफोन हे मोफत साउंडफॉन्ट एडिटर या कामाला उत्तम. लायब्ररी एसएफ२ मध्ये आणून पॉलीफोनमध्ये उघडा, तरंग डोळ्यांनी बघून दोन फुगवट्यांच्या माथ्यावर लूपची दोन टोकं ठेवा आणि मग कानाने जुळवा. त्यातच लूपच्या शेवटानंतरचा भाग कापून टाकण्याची सोय आहे. लूप पाचव्या सेकंदाला संपत असेल तर बाराव्या सेकंदापर्यंतची शेपटी कधी वाजतच नाही, नुसती जागा खाते.

तयारी झाली की कन्व्हर्टविथमॉसचं काम थोडक्यात आटोपतं. डावीकडे स्रोत, उजवीकडे लक्ष्य. डावीकडे लायब्ररीचं फॉरमॅट आणि फोल्डर निवडा. ते फोल्डरच्या आतले सगळे फोल्डर चाळत जातं, म्हणून संपूर्ण डिस्क दाखवू नका. ज्या वाद्याचं काम आहे तेवढंच वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. उजवीकडे यामाहा वायएसएफसी (यामाहाच्या कीबोर्डचं फॉरमॅट) आणि त्यात मोडेक्स निवडा. मग थेट ‘कन्व्हर्ट’ नको. आधी ‘अ‍ॅनालाइझ’ दाबा. यात काहीही लिहिलं जात नाही, फक्त काय वाचता आलं आणि काय नाही याची नोंद पडद्यावर येते. ती नोंद वाचायचा कंटाळा करू नका, पुढचा अर्धा त्रास तिथेच वाचतो. सॅम्पल सापडत नाही असा संदेश आला तर एनकेआयमधला पत्ता आणि सॅम्पलची खरी जागा जुळत नाही. पूर्ण कॉन्टॅक्ट (मोफत प्लेअर नव्हे, विकत घेतलेलं) असेल तर वाद्य त्यात उघडून ‘पॅच प्लस सॅम्पल्स’ या पर्यायाने नव्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. सगळं एका जागी येतं आणि गाडी पुढे सरकते.

नुसत्या डब्ल्यूएव्ही फाइल असतील, कुठलंच वाद्य-फॉरमॅट नसेल, तरी चालतं. फाइलच्या नावातून स्वर आणि थर ओळखण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. नावं मात्र एकसारखी हवीत आणि रोमन अक्षरांत हवीत. ‘पेटी काळी दोन’ असं देवनागरी नाव कॉम्प्युटरवर छान दिसतं, कीबोर्डच्या पडद्यावर दिसत नाही. वाद्याचं नाव, स्वर, थर, एवढंच ठेवा, मध्ये अधोरेषा द्या, मोकळी जागा टाळा.

कन्व्हर्ट झाल्यावर जे बिघडतं त्यातल्या बहुतेक गोष्टींची कारणं ठरलेली आहेत. पहिली, सगळं वाद्य एक सप्तक वर किंवा खाली वाजतं. मिडी (वाद्यांना जोडणारी अंकी भाषा) क्रमांक ६० च्या पट्टीला यामाहा आणि कॉन्टॅक्ट सी३ म्हणतात. कोर्ग, रोलँड आणि एसएफझेड सी४ म्हणतात. फाइलच्या नावावरून स्वर ओळखायला लावला की हा घोळ हमखास होतो. क्रमांकाने नाव दिलं तर प्रश्नच उरत नाही: ०६०, ०६१ अशी नावं ठेवा.

दुसरी, लूपच्या जागी खटका, किंवा लूपच नाही. याची दोन कारणं संभवतात. लूपचे बिंदू डब्ल्यूएव्ही फाइलच्या आत एका वेगळ्या कप्प्यात लिहिलेले असतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून आवाज थोडा वाढवला आणि पुन्हा एक्सपोर्ट केली की तो कप्पा गायब होतो. पेटी आठ सेकंद वाजून गप्प बसते. दुसरं कारण सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली तो आकडा. ४८ ची फाइल ४४.१ केली की प्रत्येक बिंदू ०.९१८७५ पटीने मागे सरकायला हवा. लूपची सुरुवात ९६,००० व्या मापावर असेल तर ती ८८,२०० वर यायला हवी. आवाज बदलला आणि बिंदू जुन्याच जागी राहिले तर खटका ठरलेला. म्हणून रेट आधी बदला आणि लूप नंतर लावा, हाच क्रम ठेवा.

तिसरी तक्रार: एकच पट्टी दाबली तरी चार-पाच आवाज एकदम वाजतात. कॉन्टॅक्टमध्ये सॅम्पलचा कोणता गट कधी वाजवायचा हे स्क्रिप्ट ठरवत असते. कन्व्हर्टरला गट दिसतात, स्क्रिप्ट कळत नाही, म्हणून सगळे गट एकावर एक बसतात. पूर्ण कॉन्टॅक्टमध्ये नको असलेले गट पुसा, हवा तेवढा ठेवून वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मग कन्व्हर्ट करा. दूरच्या माइकचे गटही याच फेरीत उडवा. हॉलचा घुमार मोडेक्सच्या रिव्हर्बने देता येतो. सॅम्पलमध्ये भरलेला घुमार मात्र नंतर काढता येत नाही, आणि मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली तो दुप्पट होऊन अंगावर येतो.

इथवर यंत्राचं काम. पेटी मोडेक्समध्ये गेली की पहिल्यांदा एलिमेंटची (आवाजाच्या एका थराची) व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दाबाच्या जोराला मिळणारा प्रतिसाद, शून्यावर आणा, नाहीतर ती पियानोसारखी हलकी-जोरात वाजत राहील. सुरुवात किंचित मऊ करा, रिलीज छोटा ठेवा. पट्टी सोडल्यावर पेटी रेंगाळत नाही. मग यामाहाचं एफसी७ पेडल एक्स्प्रेशनला, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या सेटिंगला, जोडा. भात्याचं काम आता पाय करतो. ओळीच्या शेवटी दाब सैल सोडणं, समेवर येताना भरणं हे पेडलनेच साधतं आणि ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. कन्व्हर्टरने फिल्टर आणलेला असेल तर तो पूर्ण उघडून बघा. पेटीला बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

चौंडक्याचं तंत्र याच्या अगदी उलट. सौंदत्तीच्या डोंगरावर ऐकू येणारं हे वाद्य म्हणजे एका बाजूला कातडं ताणलेला लाकडी पोकळ नळा आणि त्या कातड्यातून निघालेली तार. तार ताणत-सैल करत छेडली की सूर वर चढतो आणि घसरतो. हा चढ-उतार सॅम्पलमध्येच असतो. त्यामुळे एक आघात घेऊन तो पट्ट्यांवर पसरला तर सुराबरोबर घसरण्याचा वेगही बदलतो आणि चौंडकं कार्टूनमधल्या आवाजासारखं ऐकू येतं. प्रत्येक आघात आपापल्या एका पट्टीवर ठेवा, ड्रम किटसारखा, ताण अजिबात नको. लूप नको. ‘डुंग’ सरळ, ‘डुंग’ चढता, ‘डुंग’ उतरता, आणि हाताने दाबून बंद केलेला, एवढे प्रकार किमान हवेत.

एकच आघात लागोपाठ सोळा वेळा वाजला की यंत्र बोलतंय हे कुणालाही कळतं. कॉन्टॅक्टमध्ये यासाठी आघात आळीपाळीने बदलणारी स्क्रिप्ट असते. कन्व्हर्ट करताना ती जाते. मोडेक्सवर हे परत बसवता येतं, आणि ते फार थोडे लोक करतात याचं वाईट वाटतं. एका पार्टमध्ये, म्हणजे एका वाद्यात, आठ एलिमेंट असतात. प्रत्येक एलिमेंटला एक्सए कंट्रोल नावाची सेटिंग आहे. त्यात ‘सायकल’ निवडलं की एकाच गटातले एलिमेंट क्रमाने वाजतात, ‘रँडम’ निवडलं की कसेही. चौंडक्याच्या एकाच प्रकारचे चार वेगवेगळे आघात चार एलिमेंटमध्ये टाका, चारही सायकलवर ठेवा. हलगीला जोराचा फरक महत्त्वाचा, म्हणून तिथे हलक्या हाताचे चार आणि जोराचे चार अशी आठांची वाटणी करा आणि दोन्ही संचांना वेगळे गट क्रमांक द्या. याच एक्सए कंट्रोलमध्ये ‘की ऑफ’ आहे. पट्टी सोडल्यावर वाजणारा आवाज, म्हणजे तारेवरून उचललेल्या बोटाचा किंवा पेटीच्या पट्टीचा खट्ट, त्यावर बसतो. स्रोतात असे रिलीज सॅम्पल असतील आणि कन्व्हर्ट झाल्यावर ते पट्टी दाबतानाच वाजत असतील, तर हीच सेटिंग राहिलेली असते.

व्हायोलिनच्या ताफ्याचा प्रश्न वेगळा. कॉन्टॅक्टमध्ये हळू आणि जोरकस वादनाचे थर मॉड्युलेशन व्हीलने (कीबोर्डच्या डावीकडच्या चाकाने) एकमेकांत मिसळतात. कन्व्हर्टर त्यांना जोराचे थर समजतो किंवा एकावर एक ठेवतो. दोनच थर निवडा, दर तिसऱ्या पट्टीला ६ सेकंद लूपसकट ठेवा. साडेतीन सप्तकांना १५ सॅम्पल पुरतात आणि दोन थर मिळून स्टीरिओत ३२ एमबीच्या आत बसतात. दोन थर दोन एलिमेंटमध्ये टाकून व्हील दोघांच्या लेव्हलला जोडा, एकाची दिशा उलटी. लेगॅटोच्या खऱ्या जोडण्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतानाचे मुद्रित आवाज, यात येत नाहीत. त्या हव्याच असतील तर वर्कस्टेशन हे त्याचं ठिकाण नाही.

कुलूपबंद लायब्ररीसाठी ऑटोसॅम्पलिंग. कॉम्प्युटर स्वतः एकेक स्वर वाजवतो, ध्वनिमुद्रित करतो आणि त्याचं वाद्य बनवतो. मॅकवर अ‍ॅपलच्या मेनस्टेजमध्ये ऑटोसॅम्पलर आहे. त्यातून निघणारं ईएक्सएस कन्व्हर्टविथमॉस वाचतं, त्यामुळे साखळी पूर्ण होते. विंडोजवर स्कायलाइफ कंपनीचं सॅम्पलरोबोट याच कामासाठी आहे, ते विकत घ्यावं लागतं. सुरू करण्याआधी लायब्ररीतला रिव्हर्ब, डिले, कोरस बंद करा. जोराचे थर ४०, ८०, १२० असे धरले तर बहुतेक वाद्यांना पुरतं. स्वर धरण्याचा वेळ आणि सोडल्यानंतर थांबण्याचा वेळ वेगवेगळे द्यावे लागतात. दुसरा कमी पडला की प्रत्येक सॅम्पलच्या सुरुवातीला आधीच्या स्वराची शेपटी येते. ३७ पट्ट्या, तीन थर, ८ अधिक ३ सेकंद म्हणजे वीस मिनिटांचं मुद्रण. त्या वीस मिनिटांत कॉम्प्युटरला दुसरं काही करायला लावू नका, आवाज मध्ये तुटला तर तो तुटलेला सॅम्पल नेमका कार्यक्रमातच सापडतो.

कोर्ग क्रोनॉस असणाऱ्यांना हे सॉफ्टवेअर लागेलच असं नाही, कारण क्रोनॉस एसएफ२ थेट उघडतं. केएमपीच्या (कोर्गच्या सॅम्पल-नकाशाच्या फाइलच्या) वाटेने जायचं असेल तर लक्षात घ्या: केएमपीमध्ये जोराचे थर नसतात, फक्त पट्ट्यांची वाटणी असते. चार थरांच्या वाद्याच्या चार केएमपी निघतात, स्टीरिओ असेल तर डावी-उजवी मिळून आठ. त्या क्रोनॉसच्या एचडी-१ प्रकारच्या आवाजात, त्याच्या ऑसिलेटरमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या भागात), जोराच्या मर्यादांनुसार हाताने लावाव्या लागतात. एका ऑसिलेटरमध्ये असे आठ थर बसतात. मेहनत आहे, पण फळ चांगलं मिळतं.

या भागात सगळ्यात जास्त दिसणारा यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० कीबोर्ड मात्र या सॉफ्टवेअरच्या कक्षेबाहेर आहे. त्याला यामाहाचं मोफत एक्स्पान्शन मॅनेजर वापरावं. कन्व्हर्टविथमॉसचा उपयोग तिथे एवढाच, की एनकेआयमधून एसएफझेड आणि सुटे डब्ल्यूएव्ही काढून मिळतात. पुढे एक्स्पान्शन मॅनेजरमध्ये प्रत्येक सॅम्पलची मूळ पट्टी आणि मर्यादा बघून घ्यायची. कीबोर्डवरून त्याची माहिती-फाइल पेनड्राइव्हवर काढून मॅनेजरला दाखवावी लागते, तेव्हाच पॅक तयार होतो. एक गोष्ट अनेकांना महागात पडते: नवा पॅक एकटाच बसवला की आधीचे सगळे पॅक जातात. जुने-नवे सगळे एकत्र टिकमार्क करून एकच फाइल बनवायची.

पैसे मोजून घ्यायच्या कन्व्हर्टरांत चिकन सिस्टिम्सचं ट्रान्सलेटर आणि एफएमजे-सॉफ्टवेअरचं अवेव्ह स्टुडिओ ही जुनी नावं. अकाई, ई-म्यू, कर्झवाइल यांच्या जुन्या डिस्क घरात असतील तर ट्रान्सलेटरला आजही तोड नाही. अवेव्ह फक्त विंडोजवर चालतं. फक्त कॉन्टॅक्ट ते मोडेक्स एवढीच गरज असेल तर त्यावर पैसे घालण्याचं कारण दिसत नाही. ते पैसे एफसी७ पेडलवर आणि चांगल्या मायक्रोफोनवर घाला, म्हणजे गावातलंच चौंडकं आणि हलगी स्वतः मुद्रित करता येईल. वाजवणाऱ्याला त्याचा मोबदला द्या आणि आवाज कशासाठी वापरणार ते आधी सांगा.

‘टोन भरून देतो’ म्हणत पेनड्राइव्ह विकण्याचा धंदा बेळगावपासून कोल्हापूर-हुबळीपर्यंत चालतो. त्यात बऱ्याचदा लूप नसलेले, आवाज फाटलेले, मूळ पट्टी चुकलेले सॅम्पल पदरात पडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बहुतेक व्यावसायिक लायब्ररींच्या करारात सॅम्पल दुसऱ्याला द्यायला मनाई असते, फॉरमॅट बदलला तरी. स्वतःच्या वादनासाठी स्वतःच्या कीबोर्डवर नेण्याला परवानगी आहे की नाही, हे प्रत्येक लायब्ररीच्या करारात वेगवेगळं असतं. विकत घेण्याआधी ते पान वाचा.

मोडेक्सवर भरताना पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. एक्सएफएटी असेल तर कीबोर्ड तो ओळखत नाही आणि दोष फाइलवर येतो. युटिलिटी, कंटेंट्स, लोड या वाटेने फाइल निवडा. शेकडो एमबी फ्लॅशमध्ये लिहायला वेळ लागतो आणि त्या वेळात वीज गेली तर मेमरी अर्धवट राहते, म्हणून हे काम पावसाळ्यात इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करा. फाइल तीन प्रकारच्या असतात. एक्स८एल ही लायब्ररी. ती बाजूला बसते, तुमच्या यूजर बँकेला (तुम्ही बनवलेल्या आवाजांच्या जागेला) धक्का लागत नाही, आणि अशा आठ लायब्ररी राहतात. एक्स८यू यूजर बँकेवर लिहिली जाते, आधीचं जातं. एक्स८ए म्हणजे सगळं, आणि ती लोड केली की कीबोर्डमधलं सगळं पुसून त्याच्या जागी बसते.

इथे साउंडवाल्याकडून कीबोर्ड भाड्याने घेऊन वाजवणारे बरेच आहेत, त्यांनी हा फरक पाठच करावा. दुसऱ्याच्या मोडेक्सवर कधीही एक्स८ए लोड करू नये. मालकाने आणि आधीच्या वादकांनी भरलेलं सगळं एका क्षणात जातं. पेटी, चौंडकं, हलगी, व्हायोलिन एवढ्यांचीच शंभर एमबीच्या आतली एक एक्स८एल बनवून पेनड्राइव्हवर ठेवा, एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर. साउंड चेकच्या आधी मोकळी फ्लॅश किती आहे ते डेटा युटिलिटीत बघा, लोड करा, कार्यक्रम झाल्यावर तिथूनच आपली लायब्ररी पुसून कीबोर्ड परत द्या.